कमी उजेडाच्या खोलीसाठी रंगनिवड

कमी उजेडाच्या खोलीसाठी रंगनिवड : ज्या खोलीत दिवसाचा नैसर्गिक प्रकाश अपुरा येतो, तिच्या भिंती, छत व लाकूडकामासाठी रंगाची छटा, फिकटपणा आणि चकाकी ठरवण्याची पद्धत. लहान खिडकी, समोरची इमारत किंवा दाट झाड, खिडकीवरचा रुंद सज्जा, खिडकीपासून आत लांबवर गेलेली खोली ही अपुऱ्या उजेडाची नेहमीची कारणे. ‘पांढरा द्या, उजेड वाढेल’ हा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो आणि तो अर्धाच खरा आहे. रंग प्रकाश निर्माण करत नाही. आत आलेल्या प्रकाशाचा किती भाग खोलीत परत टाकायचा आणि त्याला कोणती झाक द्यायची, एवढेच त्याच्या हातात असते. म्हणून आधी खोलीतला प्रकाश ओळखायचा, दिवे ठरवायचे आणि मग शेड कार्ड हातात घ्यायचे, हा क्रम महत्त्वाचा.

उजेड किती अपुरा आहे

ढगाळ आकाशाखाली उघड्यावर जितका प्रकाश असतो, त्याचा किती टक्के भाग खोलीत सरासरी पोहोचतो, या मापाला दिनप्रकाश गुणक म्हणतात. तो २ टक्क्यांखाली असेल तर खोली काळोखी वाटते आणि दिवसाही दिवा लावावा लागतो. ५ टक्क्यांवर असेल तर दिवसा सहसा दिवा लागत नाही. सरासरी गुणक खिडकीच्या काचेचे क्षेत्रफळ, काचेतून आत येणारा प्रकाशाचा अंश आणि खिडकीतून दिसणाऱ्या आकाशाचा कोन यांच्या प्रमाणात वाढतो. खोलीच्या एकूण पृष्ठफळाला (१ − प²) ने गुणून येणाऱ्या संख्येने त्याला भागले जाते. येथे ‘प’ म्हणजे खोलीतल्या सर्व पृष्ठभागांचे सरासरी परावर्तन.

रंगाचा वाटा किती, हे या सूत्रातून नेमके कळते. ‘प’ ०.३ वरून ०.६ वर नेला, म्हणजे भिंती, छत आणि जमीन मिळून खोली बरीच फिकट केली, तर सरासरी उजेड सुमारे १.४ पट होतो. खिडकीचा कोन अडवणारी फांदी छाटणे, काच धुणे, जाड पडदा बाजूला सारणे यांनी कधी कधी एवढाच फरक पडतो. मात्र हा १.४ पटीचा लाभ खोलीभर सारखा वाटला जात नाही. खिडकीजवळ थेट प्रकाश असतो, तिथे रंगाने फारसे बिघडत नाही. मागचा भाग जवळजवळ पूर्णपणे परावर्तित प्रकाशावर जगतो. खरा फरक तिथेच दिसतो.

परावर्तन मूल्य

अनेक रंगकंपन्या शेडच्या क्रमांकाबरोबर एलआरव्ही, म्हणजे प्रकाश परावर्तन मूल्य, छापतात. मोजपट्टी ० ते १०० असली तरी भिंतीच्या रंगांत ती साधारण ५ ते ९० इतकीच वापरात येते. ही संख्या वाचताना एक चूक नेहमी होते : ५० म्हणजे ‘मध्यम’ असे गृहीत धरले जाते. डोळ्याला काळ्या-पांढऱ्याच्या अगदी मधोमध वाटणारा राखाडी फक्त १८ ते २० टक्के प्रकाश परत टाकतो. ५० चा रंग चांगलाच फिकट दिसतो. उलट, शेड कार्डवर ‘तसा काही गडद नाही’ असे वाटलेला ३५ चा रंग आलेल्या प्रकाशाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग गिळतो.

अंतर्गत प्रकाशयोजनेच्या ईएन १२४६४-१ या युरोपीय मानकाने २०११ च्या आवृत्तीत कामाच्या जागांसाठी छताचे परावर्तन ०.७ ते ०.९, भिंतींचे ०.५ ते ०.८ आणि जमिनीचे ०.२ ते ०.४ असे सुचवले आहे. घरालाही हे आकडे चालतात. फिकट वाट धरायची ठरली तर भिंतींसाठी ६० ते ७५ आणि छतासाठी ८० च्या वर हा पट्टा सर्वांत भरवशाचा.

मूल्य छापलेले नसेल तर प्रकाशमापकाने अंदाज घेता येतो. मापकाचे तोंड खोलीकडे करून तो भिंतीला लावायचा आणि आकडा टिपायचा. मग तोंड भिंतीकडे करून तो १०-१५ सेंमी मागे घ्यायचा आणि पुन्हा आकडा टिपायचा. दुसऱ्याला पहिल्याने भागले की परावर्तनाचा ढोबळ अंश मिळतो. मापकाची किंवा हाताची सावली भिंतीवर पडली तर आकडा कमी येतो.

पांढरा मळकट का दिसतो

डोळा फिकटपणा तुलनेने ठरवतो. नजरेच्या टप्प्यात सर्वांत उजळ जे असेल, बहुधा खिडकीच, ते त्याच्या लेखी पांढरे. शेजारची भिंत ८५ टक्के प्रकाश परत टाकत असली तरी तिच्यावर मुळात प्रकाशच थोडा पडतो, म्हणून ती राखाडी भासते. पूर्ण पांढऱ्या भिंतीवर पाहण्यासारखे दुसरे काही नसल्याने कोपऱ्यांत दाटत जाणारी सावली तेवढी उठून दिसते. थोडी छटा असलेल्या भिंतीवर हीच सावली त्या रंगाची गडद पायरी म्हणून खपून जाते. त्यातच सूर्य थेट न येणाऱ्या खिडकीतून शिरणारा प्रकाश आकाशाचा, म्हणजे निळसर असतो. त्याचे रंगतापमान (प्रकाश पिवळसर की निळसर हे केल्विनमध्ये सांगणारे माप; आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळसर) १०,००० केल्विनच्या वरही जाऊ शकते. उत्तर गोलार्धात हे उत्तरेच्या खिडकीला लागू होते, दक्षिण गोलार्धात दक्षिणेच्या.

कमी प्रकाशात रंगांचा तजेलाही उतरतो. रंगशास्त्रज्ञ हंट यांनी १९५२ मध्ये दाखवलेला हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तिन्हीसांजेला आणखी एक बदल होतो : तांबडे रंग आधी काळवंडतात, निळे-हिरवे मागे टिकतात. झेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी नोंदवलेल्या या परिणामाचे कारण असे की, भरपूर उजेडात डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे पिवळसर हिरव्या प्रकाशाच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतो, तर अंधुक उजेडात ५०७ च्या, म्हणजे निळसर हिरव्याच्या आसपास. विटकरी किंवा डाळिंबी भिंत दिवा लावण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात काळी पडल्यासारखी वाटते ती यामुळे.

झाक साठत जाते

रंगनिवडीतल्या बहुतेक फसगती इथे होतात. खोलीच्या मागच्या भागात पोहोचणारा प्रकाश दोन-तीन भिंतींवर आपटून आलेला असतो आणि दर आपटीला रंगाची झाक वाढते. समजा, एक पिवळसर रंग लाल भागातला प्रकाश ८० टक्के व निळ्या भागातला ६० टक्के परत टाकतो. एका परावर्तनानंतर दोघांचे गुणोत्तर १.३३ असते, दुसऱ्यानंतर १.७८ आणि तिसऱ्यानंतर २.३७. कार्डवरच्या बोटभर तुकड्यात सौम्य मोतिया वाटलेला रंग चारही भिंतींना लागला की लोण्याच्याही पुढे जाऊन हळदीकडे झुकतो, याचे गणित हेच. कार्डवर आवडलेल्या छटेपेक्षा एक-दोन पायऱ्या फिकी, थोडी राखीकडे झुकणारी छटा म्हणूनच घ्यावी.

पिवळ्याची दुसरी खोड म्हणजे तो सावलीत शेवाळी होतो. पिवळ्यात काळा मिसळला की हिरवट रंग येतो, तसेच डोळ्याला अंधाऱ्या कोपऱ्यातल्या पिवळ्याबाबत वाटते. लिंबाकडे झुकणारे पिवळे त्यामुळे टाळावेत. किंचित तांबूस असलेले मोतिया, बदामी, गव्हाळ, फिकट अबोली हे कमी उजेडात खरे उतरतात. राखाडी घ्यायचा असेल तर निळसर नको, मातकट राखाडी घ्यावा. झाडांनी अडलेल्या खिडकीतला प्रकाश हिरवा असतो आणि तो गुलाबी झाकेला मळवतो. समोर विटांची भिंत असेल तर तांबूसपणा बाहेरूनच येतो, तिथे रंगात आणखी तांबूस नको. जमिनीचा रंगही भिंतीच्या खालच्या भागावर चढतो, म्हणून नमुना जमिनीला टेकवूनही पाहायचा.

गडद रंग

दिवसा कमी वापरली जाणारी, मुख्यतः संध्याकाळी दिव्यात वावरण्याची खोली असेल, तर तिला उजळवण्याचा हट्ट सोडून गडद हिरवा, गडद निळा किंवा तपकिरी देणे हा योग्य निर्णय ठरतो. कोपऱ्यांच्या सावल्या भिंतीत विरतात आणि खोलीच्या कडा नजरेत भरत नाहीत. याची किंमत दिव्यांत मोजावी लागते. भिंतींचे परावर्तन मूल्य १५ च्या खाली असेल तर छताचा एकच दिवा पुरत नाही. बसण्याच्या, वाचण्याच्या आणि काम करण्याच्या जागी वेगवेगळे दिवे लागतात. अभ्यासाच्या किंवा स्वयंपाकाच्या खोलीला हा मार्ग घेऊ नये. आणि सर्वांत वाईट ते अधलेमधले : ३० ते ४५ चे रंग उजेडही देत नाहीत आणि गडद रंगाचा परिणामही साधत नाहीत.

दिवे

खोलीत दिवसाही दिवा लागणार असेल तर भिंतीचा खरा रंग दिव्याखालचाच. २७०० ते ३००० केल्विनच्या दिव्यात निळ्या भागातली ऊर्जा कमी असते. तिथे निळसर राखाडी चिखलासारखा दिसतो आणि बदामी खुलतो. ४००० केल्विनला दोन्ही बऱ्यापैकी जागेवर राहतात. एका खोलीत सर्व दिवे एकाच रंगतापमानाचे असावेत, नाहीतर एकच भिंत दोन रंगांची दिसते. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा रंगदर्शन निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९० च्या वर असावा. हा आकडा आठ सौम्य रंगनमुन्यांची सरासरी असतो. गडद लालसाठीचा आर ९ हा आकडा त्यात येत नाही, तो वेगळा पाहावा.

चकाकी

चकाकीने उजेड वाढतो ही समजूत चुकीची आहे. रंगाच्या चकचकीत थराच्या पृष्ठभागावरून समोरून पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम ४ टक्के भाग आरशासारखा परततो. बाकीचे काम आतल्या रंगद्रव्याचे. एकाच बाजूला खिडकी असलेल्या खोलीत तिरका प्रकाश भिंतीवर सरपटतो आणि लंबीतला (पुट्टीतला) प्रत्येक उंचवटा, रोलरचा प्रत्येक जोड ग्लॉसवर, म्हणजे चकचकीत रंगावर दिसतो. भिंतींना मॅट (बिनचकाकीचा) किंवा फार तर एगशेल (मंद चकाकीचा), छताला पूर्ण मॅट द्यावे. खिडकीच्या बाजूच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांना मात्र सर्वांत फिकट पांढरा द्यावा, कारण प्रकाश आत येताना आधी त्यांवर पडतो. खिडकीची भिंतही फिकट ठेवावी. ती गडद असली की लख्ख काच आणि काळी भिंत यांच्या विरोधाने डोळे दिपतात आणि उरलेली खोली आणखी अंधारी वाटते.

नमुना पाहणे

नमुना थेट जुन्या रंगावर काढू नये, शेजारचा रंग निवाडा बिघडवतो. ६० × ६० सेंमीच्या पांढऱ्या फळीवर रंगाचे दोन हात कडेपर्यंत द्यावेत. १०० मिलि रंग पुरतो. पाण्याच्या आधाराचे इमल्शन ओले असताना दुधाळ व फिकट दिसते आणि वाळल्यावर गडद होते, म्हणून पूर्ण वाळेपर्यंत मत बनवू नये. फळी उभीच ठेवून पाहावी. आडवी धरली की तिच्यावर छताचा प्रकाश पडतो आणि ती उगाच उजळ दिसते. खिडकीसमोर, खिडकीच्या भिंतीवर आणि सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात, सकाळी, दुपारी, ढगाळ वेळी आणि रात्री दिव्याखाली ती पाहावी. कोपऱ्यातले मत निर्णायक मानावे. दोन फळ्या एकमेकींकडे तोंड करून काटकोनात उभ्या केल्या की जोडाजवळ वाढलेली झाक आधीच दिसते.

लावताना आणि नंतर

अंधाऱ्या खोल्या पुष्कळदा दमटही असतात. काळी बुरशी असेल तर ओल कुठून येते ते शोधून ती थांबवावी, भिंत बुरशीनाशकाने धुऊन कोरडी करावी आणि मगच प्रायमर लावावा. वरून नुसता रंग दिला तर डाग परत उमटतात आणि पोपडे सुटतात. गडद छटांच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात रंगद्रव्ये मिसळून छटा बनवतात त्या मूळ रंगात, पांढरे रंगद्रव्य टायटॅनियम डायऑक्साइड कमी असते, त्यामुळे त्या कमी झाकतात : राखाडी प्रायमर घेतला नाही तर तिसरा-चौथा हात लागतो. दारे-खिडक्यांच्या लाकडाला पांढरा ऑइल पेंट देऊ नये. तेलाधारित पांढरा रंग अंधारात पिवळा पडतो आणि उजेडातच पुन्हा उजळतो. इथे तो उजेड नसतो, म्हणून दाराची कपाटाआडची बाजू आधी पिवळी पडते. पाण्याच्या आधाराचे ॲक्रिलिक इनॅमल तसे पिवळे पडत नाही. छटेचा क्रमांक, बेस आणि चकाकी डब्यावरून लिहून ठेवावी आणि त्याच डब्यातला थोडा रंग राखून ठेवावा, कारण मॅट भिंतीवरचा डागही दुसऱ्या मिश्रणाने झाकला की तिरक्या उजेडात ठिगळासारखा दिसतो.