शून्यछाया दिवस (सातारा व सांगली)

शून्यछाया दिवस : ज्या दिवशी स्थानिक मध्यान्ही (सूर्य दिवसातल्या सर्वांत उंच जागी पोचतो त्या क्षणी) तो नेमका खमध्यावर, म्हणजे डोक्याच्या बरोबर वर, येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्याच तळाखाली दडते, तो दिवस. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रत्येक गावी तो वर्षातून दोनदा येतो, त्या वृत्तांवर एकदाच, आणि त्यांच्या पलीकडे कधीच नाही. दिल्लीत राहणाऱ्याला तो पाहायचा तर दक्षिणेकडे प्रवास करावा लागतो. साताऱ्यात तो १० मे आणि २ ऑगस्टच्या सुमारास येतो, सांगलीत ७ मे आणि ५ ऑगस्टच्या सुमारास.

‘दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. सातारा-सांगलीपुरते त्यातले काहीच खरे नाही. सूर्य खरोखर माथ्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस, आणि घड्याळात नेमके बारा वाजलेले असताना मध्यान्ह या दोन्ही शहरांत वर्षभरात एकदाही होत नाही.

कारण

पृथ्वीचा आस २३.४४ अंशांनी कललेला असल्यामुळे मध्यान्हीचा सूर्य वर्षभर उत्तर-दक्षिण सरकत राहतो. विषुववृत्तापासूनच्या त्याच्या या अंतराला क्रांती म्हणतात. २१ जूनच्या सुमारास ती उत्तरेला २३.४४ अंश असते, २१ डिसेंबरच्या सुमारास दक्षिणेला तेवढीच. एखाद्या गावाचा अक्षांश आणि त्या दिवशीची क्रांती जुळली की तिथे शून्यछाया. सूर्य उत्तरेकडे जाताना एकदा जुळते, परतताना दुसऱ्यांदा.

सांगलीचा अक्षांश १६.८६ अंश उत्तर, साताऱ्याचा १७.६९. मेच्या दुसऱ्या आठवड्यात क्रांती रोज सुमारे ०.२७ अंशाने वाढते. जमिनीवर हे अंतर साधारण ३० किलोमीटर होते. म्हणजे माथ्यावरचा सूर्य माउलींच्या पालखीहून थोडा भरभर चालत दोन्ही जिल्हे ओलांडतो : ७ मे सांगली-मिरज, ८ मे कराड, १० मे सातारा, ११ मे वाई, महाबळेश्वर आणि फलटण, १२ मे शिरवळ. तिथून पुढे नीरा ओलांडून तो पुणे जिल्ह्यात शिरतो.

या तारखा दगडावरची रेघ नव्हेत. कराडच्या बाबतीत ८ आणि ९ मे यांच्यात जवळजवळ बरोबरी आहे. दोन्ही दिवशी क्रांती आणि अक्षांश यांत फरक राहतो तो अंशाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याचा. शिवाय वर्ष ३६५ दिवसांहून सुमारे सहा तासांनी मोठे असल्यामुळे क्रांतीचे आकडे दर वर्षी थोडे मागे-पुढे होतात आणि लीप वर्षात पुन्हा जागेवर येतात. दोन याद्यांत एका दिवसाचा फरक दिसला तर तेवढ्यावरून कोणाला खोटे पाडण्यात अर्थ नाही.

बारा वाजता का नाही

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि हा रेखांश मिर्झापूरजवळून जातो. सातारा ७४ अंशांवर, म्हणजे साडेआठ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने साताऱ्याचा सूर्य घड्याळाच्या ३४ मिनिटे मागे चालतो. सांगली थोडी पूर्वेला असल्याने तिथला फरक सुमारे ३२ मिनिटांचा.

यात आणखी एक गुंता आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्यामुळे एका मध्यान्हीपासून दुसऱ्या मध्यान्हीपर्यंतचा काळ वर्षभर सारखा नसतो. त्यातून साचणाऱ्या फरकाला कालसमीकरण म्हणतात. नोव्हेंबरच्या आरंभी सूर्य घड्याळी सरासरीच्या सव्वासोळा मिनिटे पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्याकडे सव्वाचौदा मिनिटे मागे. म्हणून साताऱ्यातली मध्यान्ह वर्षभरात १२.१८ ते १२.४८ अशी हेलकावत राहते. १० मे रोजी ती १२.३० वाजता होते, २ ऑगस्टला १२.४० वाजता. सांगलीत ७ मे रोजी १२.२८ आणि ५ ऑगस्टला १२.३८. ‘बारा वाजता उभे राहिलो, पण सावली काही गेली नाही’ ही दर मे महिन्यात ऐकू येणारी तक्रार या अर्ध्या तासातून येते.

पाहण्याची रीत

लागते ती एक सरळ उभी वस्तू आणि एक सपाट जागा. खरे कष्ट या दोन विशेषणांना पडतात. एक मीटरची काठी एका अंशाने कलली तरी पावणेदोन सेंटीमीटरची सावली उरते आणि सगळा खेळ फसतो. गवंड्याचा ओळंबा आणि पाणसळ हाताशी असेल तर दुसरे कोणतेच उपकरण लागत नाही. घरात स्टीलचा पेला पालथा घालून पाहणे सर्वांत सोपे, पण पेला तळाकडे निमुळता असतो आणि पालथा घातल्यावर तो वरच्या बाजूला अरुंद होतो. अशी वस्तू आपली सावली आपल्याच बुडाखाली लवकर लपवते, त्यामुळे मागच्या-पुढच्या काही दिवसांतही ती ‘शून्य’ सावली दाखवील. देवळांपुढच्या दीपमाळांचेही तेच : त्या वर निमुळत्या होत जातात म्हणून त्यांची शून्यछाया एका दिवसाची नसते, सावली दिसलीच तर दिवे ठेवायला बाहेर काढलेल्या दगडांची. दंडगोल हवा : प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा, सरळ भिंतीची बाटली. पाइप दोन्ही तोंडे उघडी ठेवून उभा केला तर आतली उन्हाची चकती पूर्ण गोल होते तो क्षण फार छान कळतो.

सूर्य आकाशात दर चार मिनिटांनी साधारण एक अंश सरकतो. त्यामुळे मध्यान्हीच्या चार मिनिटे आधी आणि नंतर मीटरभर काठीला पावणेदोन सेंटीमीटरच्या आत सावली असते. आधी पश्चिमेला, नंतर पूर्वेला. पाहायला पुरेसा वेळ मिळतो, पण वर सूर्याकडे बघायचे कारण नाही. सगळे प्रेक्षणीय जमिनीवर आहे, आणि उघड्या डोळ्यांनी सूर्य पाहिल्यास दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते.

विहिरीत सूर्य उतरतो का, हा यासोबत येणारा प्रश्न. सातारा जिल्ह्यातली लिंब येथील बारा मोटांची विहीर त्यासाठी हमखास सुचवली जाते. ही विहीर विरूबाई भोसले यांनी इ.स. १७१९ ते १७२४ या काळात बांधली. तिचा व्यास ५० फूट आणि खोली ११० फूट सांगतात. याच आकड्यांनी हिशेब केला तर सूर्य माथ्यापासून २४ अंशांच्या आत असला की उन्हाचा काही भाग तळापर्यंत पोचतोच, आणि साताऱ्यात दुपारचा सूर्य हिवाळा सोडून बहुतेक वर्ष या मर्यादेत असतो. पाणी चढलेले असेल तर मर्यादा आणखी सैल. तेव्हा पाण्यावर ऊन पडणे हा या विहिरीपुरता शून्यछायेचा पुरावा होत नाही. त्या दिवशीचे वेगळेपण एवढेच की चारही बाजूंच्या भिंतींपैकी एकीचीही सावली पाण्यावर पडत नाही. खोल आणि अरुंद आड असेल तर गोष्ट वेगळी.

सावली आणि अक्षांश

या दिवसाचा गाजावाजा होतो खरा, पण मोजमापाच्या दृष्टीने तो वर्षातला सर्वांत कंजूष दिवस आहे. शून्य मोजता येत नाही. सूर्याची चकती अर्ध्या अंशाहून किंचित मोठी असल्याने मीटरभर काठीच्या सावलीची टोकाकडची कडा सुमारे नऊ मिलिमीटर पुसट असते, आणि शून्याच्या आसपास या पुसटपणात सगळी माहिती बुडते. लांब सावल्या अधिक बोलतात.

विषुवदिनी, म्हणजे २० मार्च आणि २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास, मध्यान्हीच्या सावलीची लांबी भागिले काठीची उंची हे थेट अक्षांशाचे स्पर्शगुणोत्तर (tan) असते. साताऱ्यात मीटरभर काठीची सावली त्या दिवशी ३२ सेंटीमीटर, सांगलीत ३० सेंटीमीटर. भारतीय ज्योतिषात हेच काम बारा अंगुळांच्या शंकूने, म्हणजे उभ्या खुंटीने, होत असे आणि त्याच्या विषुवदिनीच्या सावलीला पलभा म्हणत. साताऱ्याची पलभा ३.८३ अंगुळे, सांगलीची ३.६४. पंचांगाच्या पारंपरिक स्थानिक गणितात पलभा वापरतात. २१ डिसेंबरला साताऱ्यातल्या त्याच काठीची सावली ८७ सेंटीमीटर होते. २१ जूनला फक्त १०, आणि तीही दक्षिणेकडे.

दक्षिणेकडे पडणारी ही सावली सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. १० मे ते २ ऑगस्ट असे सुमारे ८४ दिवस साताऱ्यात मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो. सांगलीत हे दिवस ९० भरतात. उत्तराभिमुख घराच्या ओसरीत भर दुपारी उन्हाचा पट्टा शिरतो तो एवढ्याच काळात. पावसाळा मधेच येत असल्याने जूननंतर तो पाहायला ऊन असावे लागते, हा भाग वेगळा.

दोन गावांवरून पृथ्वी मोजणे

इ.स.पू. तिसऱ्या शतकात एराटॉस्थेनीस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधल्या सायीनी, म्हणजे आजचे आस्वान, येथील शून्यछाया आणि त्याच दिवशीची अलेक्झांड्रियातली सावली यांच्या मदतीने पृथ्वीचा परीघ काढला. दोन्हींतला कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग आला, अंतर ५,००० स्टेडिया (लांबीचे तेव्हाचे ग्रीक माप) धरले, म्हणून परीघ २,५०,००० स्टेडिया.

सातारा आणि सांगलीतल्या दोघांनी फोनवर बोलून हा प्रयोग करायचा म्हटले तर करता येईल. ७ मे रोजी सांगलीत सावली नसते तेव्हाच्या मध्यान्हीला साताऱ्यात मीटरभर काठीची सावली सुमारे दीड सेंटीमीटर मिळते. दोन्ही अक्षांशांतला फरक ०.८३ अंश, उत्तर-दक्षिण अंतर ९२ किलोमीटर. ३६० ला ०.८३ ने भागून ९२ ने गुणले की ३९,९०० किलोमीटर. पृथ्वीचा ध्रुवांवरून मोजलेला परीघ सुमारे ४०,००८ किलोमीटर आहे, म्हणजे कागदावर उत्तर फर्मास. प्रत्यक्षात दीड सेंटीमीटरमध्ये दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झाले की उत्तर पाच-सहा हजार किलोमीटरने चुकते, आणि कडेचा पुसटपणा तर नऊ मिलिमीटरचा. दुसरा सापळा अंतराचा. सातारा सांगलीच्या बरोबर उत्तरेला नाही, बराच पश्चिमेकडे कललेला आहे. सरळ रेषेतले अंतर सुमारे ११० किलोमीटर भरते, रस्त्याने त्याहून जास्त. यांपैकी कोणतेही सूत्रात घातले तर पृथ्वी उगाच फुगते. मध्यान्हही दोन्हीकडे एकाच मिनिटाला होत नाही, सांगलीत सव्वादोन मिनिटे आधी होते. प्रत्येकाने आपापल्या मध्यान्हीची सर्वांत आखूड सावली मोजायची. प्रयोग मनापासून करायचा असेल तर जोडीदार नाशिक-धुळ्याकडचा निवडावा आणि विषुवदिनी करावा.

ऊन आणि उष्णता

त्या दिवशी सूर्य पृथ्वीच्या जवळ येतो, हा समज निराधार आहे. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर, १५.२१ कोटी किलोमीटरवर असते ती जुलैच्या आरंभी, आणि सर्वांत जवळ, १४.७१ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या आरंभी. अंतराचा आणि आपल्या ऋतूंचा संबंध नाममात्र.

मग सूर्य ऑगस्टमध्ये पुन्हा माथ्यावर येतो तेव्हा उन्हाळा का परतत नाही? कोन तोच, दिवसाची लांबीही तीच. फरक ढगांचा आणि ओल्या जमिनीचा. महाबळेश्वर आणि कोयनेच्या खोऱ्यात तेव्हा पावसाचा जोर असतो. सूर्य माथ्यावर आला हे तिथे गणितानेच मानून घ्यायचे. माण, आटपाडी, जत हा पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, म्हणून ऑगस्टची शून्यछाया पाहण्याची त्यातल्या त्यात बरी संधी तिथे आहे. खमध्याच्या सूर्यापेक्षा पाऊस तिथे अधिक हवा असतो हे सांगायला नकोच.

अतिनील किरणांचा मारा मात्र खरोखर सूर्याच्या उंचीवर अवलंबून असतो. सूर्य जितका वर तितका किरणांचा वातावरणातला प्रवास आखूड. म्हणून निरभ्र दिवशी साताऱ्यात हा मारा सर्वाधिक असतो तो साडेबाराच्या आसपास. हवेचे तापमान दोन-तीन तासांनी, दुपारी कळस गाठते. अंगाला चटका लागतो ती वेळ आणि त्वचा सर्वाधिक भाजते ती वेळ, या दोन वेगळ्या.

‘ड जीवनसत्त्वासाठी कोवळे ऊन घ्यावे’ हा सल्लाही इथेच तपासता येतो. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते ते अतिनील-ब किरणांमुळे, आणि सूर्य क्षितिजाजवळ असताना ते वातावरणातच बहुतांशी शोषले जातात. ढोबळ नियम असा, की आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असेल तेव्हाच्या उन्हात हे किरण पुरेसे असतात. साताऱ्यात २१ डिसेंबरच्या मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून ४९ अंश वर असतो, त्यामुळे ही अट वर्षातल्या प्रत्येक दिवशी काही काळ तरी पूर्ण होते. युरोपच्या उत्तर भागात ती हिवाळाभर होत नाही. मेमध्ये सकाळी साडेनऊच्या सुमारासच सावली उंचीच्या आत आलेली असते, तेव्हा भर दुपारी उभे राहण्याची गरज नाही. बंद काचेच्या खिडकीआड बसून घेतलेल्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही, कारण साधी काच अतिनील-ब किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते.