मुंबईचे मृत्युपत्र, पुण्याचे मृत्युपत्र

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने कालबाह्य कायद्यांची झाडझूड केली. त्या ढिगाऱ्यात भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 मधले कलम 213 सुद्धा निघाले. मुंबईत फ्लॅट असलेल्या कुटुंबांना या कलमाची चांगलीच ओळख होती. दादरच्या हिंदू गृहस्थाने मृत्युपत्र करून फ्लॅट मुलीला दिला, तर ते मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला, म्हणजे प्रोबेट, मिळवल्याशिवाय तिला कोर्टात त्यावर हक्क सांगता येत नसे. त्यांच्या पुण्यातल्या भावाने तिथेच बसून पुण्यातल्या घराचे मृत्युपत्र केले, तर मात्र प्रोबेट सक्तीचे नव्हते. एकाच राज्यात असा फरक का, याचे उत्तर 1870 पर्यंत मागे जाते.

त्याच्याही आधी आपल्याकडे मृत्युपत्राला फारशी जागाच नव्हती. चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या राज्यात विज्ञानेश्वराने लिहिलेली ‘मिताक्षरा’ आणि मूळच्या पैठणच्या घराण्यातल्या नीलकंठ भट्टाने सतराव्या शतकात काशीत लिहिलेला ‘व्यवहारमयूख’ यांच्या आधारे मराठी मुलखात वाटण्या होत. वडिलार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मतःच. जे एकट्या बापाचे नाही, ते बाप मृत्युपत्राने देणार कसे? पुढची सोय करायची ती दत्तक घेऊन. मरणाच्या उंबरठ्यावर दत्तक घेणे हीच आपली जुनी ‘इस्टेट प्लॅनिंग’, आणि ती किती बेभरवशाची ठरू शकते हे 1848 मध्ये साताऱ्याने पाहिले. छत्रपतींनी अखेरच्या क्षणी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने नाकारला आणि राज्य खालसा केले.

मुंबई, मद्रास, कलकत्ता या शहरांत गोष्ट वेगळी होती. तिथे व्यापारातून स्वतः कमावलेला पैसा होता आणि इंग्रजी न्यायालये होती. जिवंतपणी जे बक्षीस देता येते ते मृत्यूनंतरही देता यावे, असा युक्तिवाद हळूहळू मान्य झाला. मग 1870 चा हिंदू मृत्युपत्र कायदा आला. बंगालचा काही प्रांत आणि मद्रास व मुंबई ही शहरे यांच्यापुरता. तिथे मृत्युपत्र लेखी हवे, दोन साक्षीदार हवेत. बाकी मुलखात हिंदूचे तोंडी मृत्युपत्रही चालत राहिले, ते थेट 1 जानेवारी 1927 पर्यंत. प्रोबेटच्या सक्तीची सीमा याच कायद्याने आखली. 1925 च्या कायद्याने ती तशीच उचलली आणि नंतर कोणी पुसायच्या भानगडीत पडले नाही.

मृत्युपत्र कसे गळ्यात पडू शकते, याचा मराठी माणसाला ठाऊक असलेला सर्वांत मोठा दाखला म्हणजे ताईमहाराज प्रकरण. ऑगस्ट 1897. लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर सुटून पुण्यात आले, तेव्हा त्यांचे स्नेही, सरदार बाबामहाराज पंडित, शेवटच्या घटका मोजत होते. मृत्युपत्र झाले आणि टिळक, दादासाहेब खापर्डे आदींना विश्वस्त नेमले गेले. पत्नी ताईमहाराज गरोदर होत्या. मुलगा झाला नाही किंवा जगला नाही, तर त्यांनी विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, असे त्यात होते. मुलगा झाला, पण जगला नाही. जून 1901 मध्ये औरंगाबादला जगन्नाथ या मुलाला दत्तक घेतले, आणि थोड्याच दिवसांत ताईमहाराज फिरल्या. त्यांनी कोल्हापूरकडचा दुसरा मुलगा दत्तक घेतला आणि विश्वस्तांना मिळालेले प्रोबेट रद्द करावे म्हणून अर्ज केला. जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी ते रद्द तर केलेच, वर टिळकांवर फौजदारी खटलाही गुदरायला लावला. खोटी साक्ष दिल्याच्या आरोपावरून टिळकांना 1903 मध्ये दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, अपिलात ती सहा महिन्यांवर आली आणि 1904 मध्ये हायकोर्टाने त्यांना निर्दोष सोडले. दत्तकाचा दिवाणी दावा मात्र लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे त्या काळच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेला. 1915 मध्ये निकाल टिळकांच्या बाजूने लागला. एका मित्राच्या शब्दापायी अठरा वर्षे! यात राजकारण होतेच, पण घाईच्या मृत्युपत्रात बायकोच्या मर्जीचा विचार पुरेसा नव्हता, हेही खरे.

बायकांच्या वाट्याकडे कायद्याचे लक्ष उशिराच गेले. बॅरिस्टर मु. रा. जयकरांच्या खटपटीने 1930 मध्ये शिक्षणातून आलेली कमाई, शिक्षणाचा खर्च घराने केलेला असला तरी, कमावणाऱ्याची स्वतःची ठरली, म्हणजे ती मृत्युपत्राने बायकोलाही देता येऊ लागली. मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांच्या विधेयकातून 1937 मध्ये विधवेला पतीच्या वाट्यात हयातीपुरता हक्क मिळाला. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वारस केले, पण त्याच कायद्याच्या कलम 30 ने हिंदू पुरुषाला एकत्र कुटुंबातला आपला हिस्साही मृत्युपत्राने देण्याची मुभा दिली. ज्या हाताने मुलीला दिले, त्याच हाताने तिला वगळायची सोय बापाला करून दिली, असे माझे मत. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, तोही आधी लग्न झालेल्यांना सोडून. साऱ्या देशासाठी हे 2005 मध्ये झाले. गोव्यात पोर्तुगीज संहितेमुळे वेगळीच रीत रुजली. तिथे मुलांचा ठरावीक वाटा राखीव असतो आणि मृत्युपत्राने साधारण अर्ध्याच मालमत्तेची मनाप्रमाणे वासलात लावता येते.

इकडे मध्यमवर्गाने मृत्युपत्राला एक सोपा पर्याय शोधला, तो नॉमिनेशनचा. फॉर्मवर एक नाव लिहिले की झाले. सुप्रीम कोर्टाने 1984 मध्येच विम्याबाबत सांगितले होते की नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, मालक वारसच. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीवरून घरातच उभा राहिलेला वाद त्याच कोर्टापर्यंत गेला आणि शेअर व म्युच्युअल फंडांनाही तोच न्याय लागू असल्याचे डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट झाले. तरी सोसायटीच्या ऑफिसात ‘नॉमिनेशन आहे ना, मग मृत्युपत्र कशाला?’ हे आजही ऐकू येते.

मृत्युपत्राला स्टॅम्प ड्यूटी नाही, नोंदणीही ऐच्छिक. साध्या कागदावरही चालते. मग वकील कशाला? शेवटच्या पानासाठी. करणाऱ्याची सही, आणि त्याच्यादेखत दोन साक्षीदारांच्या सह्या. वाद कोर्टात गेला तर त्यातल्या निदान एका साक्षीदाराला, तो हयात असेल आणि येऊ शकत असेल तर, उभे करावेच लागते. म्हणून जाणता वकील सत्तरीतल्या शेजाऱ्याऐवजी तरुण साक्षीदार आणायला सांगतो, शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडतो, आणि ज्याला सगळे मिळणार त्याने मृत्युपत्र करताना पुढेपुढे करू नये असे बजावतो. लाभार्थ्याची अशी लुडबुड हे संशयाचे कारण ठरते, हे सुप्रीम कोर्टाने 1959 पासून सांगितले आहे.

कलम 213 गेल्याने यातले काहीच बदललेले नाही. प्रोबेट मागता येते, फक्त सक्ती गेली. भावंडांपैकी एकानेही हरकत घेतली, की दादर असो वा सदाशिव पेठ, तीच साक्ष आणि तीच उलटतपासणी.