जैवइंधने : वाहनांचे उत्सर्जन आणि इंधनाची गुणवत्ता

पिके, वनस्पतिजन्य तेले, प्राणिज चरबी किंवा सेंद्रिय टाकाऊ पदार्थांपासून बनवलेली इंधने म्हणजे जैवइंधने. वाहनांत ती बहुधा मिश्रणाच्या रूपात वापरतात : पेट्रोलमध्ये एथॅनॉल (एक अल्कोहोल), डिझेलमध्ये बायोडिझेल (तेल किंवा चरबीपासून बनवलेले इंधन). ई१० या नावातील १० हा आकडा एथॅनॉलचे आकारमानाने टक्के प्रमाण दाखवतो, तर बी२० मधील २० बायोडिझेलचे.

या दोन्ही इंधनांच्या रेणूत ऑक्सिजन असतो आणि त्यांचे बरेचसे गुणदोष तेथूनच येतात. एथॅनॉलच्या वजनात तो सुमारे ३५ टक्के, बायोडिझेलच्या वजनात सुमारे ११ टक्के भरतो. ज्वलन अधिक पूर्ण होते, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेले हायड्रोकार्बन घटतात. मात्र ऑक्सिजन स्वतः ऊर्जा देत नाही. एक लिटर एथॅनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून ई१० वर मायलेज साधारण ३ टक्क्यांनी उतरते.

एथॅनॉलमुळे धूर किती स्वच्छ होतो, हे गाडीवर अवलंबून असते. कार्ब्युरेटरच्या (इंधन व हवा मिसळणाऱ्या साध्या यंत्रणेच्या) जुन्या गाडीत हवेचे प्रमाण आपोआप वाढते आणि कार्बन मोनॉक्साइड ठळकपणे कमी होतो. ऑक्सिजन सेन्सर व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारे उपकरण) असलेली गाडी इंधनाचे प्रमाण स्वतःच जुळवून घेते. तिथे हा लाभ थोडाच उरतो. जुन्या गाड्यांवरील चाचण्यांचे आकडे नव्या गाड्यांना लावणे म्हणूनच चुकीचे आहे. ॲसिटाल्डिहाइड या त्रासदायक वायूचे उत्सर्जन मात्र एथॅनॉलमुळे वाढते.

बाष्पदाबाचे, म्हणजे इंधनाची किती सहज वाफ होते याच्या मापाचे, वागणे अनपेक्षित आहे. शुद्ध एथॅनॉलचा बाष्पदाब पेट्रोलपेक्षा बराच कमी, तरीही ५ ते १० टक्के एथॅनॉल मिसळल्यावर मिश्रणाचा बाष्पदाब सुमारे ७ किलोपास्कलने वाढतो आणि प्रमाण आणखी वाढवल्यावर हळूहळू उतरू लागतो. मूळ पेट्रोल त्या हिशेबाने बनवले नाही, तर टाकीतून अधिक वाफ हवेत जाते आणि जमिनीलगतच्या घातक ओझोनला खतपाणी मिळते. एथॅनॉलचा ऑक्टेन अंक (इंजिनात अवेळी पेट घेण्याला इंधन किती विरोध करते याचे माप) १०० हून अधिक आहे. शिसे आणि बेंझीनसारखी ॲरोमॅटिक संयुगे वगळूनही ऑक्टेन राखता येतो, हा त्याचा मोठा उपकार. परंतु शुद्धीकरण कारखाने अनेकदा मुळातच कमी ऑक्टेनचे पेट्रोल घेऊन त्यात एथॅनॉल मिसळतात, त्यामुळे पंपावरील इंधनाचा ऑक्टेन वाढलेलाच असेल असे नाही. मिश्रणात पाणी प्रमाणाबाहेर शिरले की एथॅनॉल पाण्यासह तळाशी बसते आणि वर कमी ऑक्टेनचे पेट्रोल उरते.

बायोडिझेलबाबत अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये मोठ्या डिझेल इंजिनांवरील चाचण्यांचे विश्लेषण केले. त्यानुसार बी२० मुळे कणरूप प्रदूषण सुमारे १० टक्के, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के आणि हायड्रोकार्बन २१ टक्के घटले. नायट्रोजन ऑक्साइड मात्र २ टक्के वाढले. काजळीचा फिल्टर आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा असलेल्या नव्या इंजिनांत हे फरक पुसट होतात. तिथे खरा प्रश्न शुद्धतेचा असतो. फॉस्फरस, सोडियम आणि पोटॅशियम यांचे अंश धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक निकामी करतात, तर उरलेल्या ग्लिसरीनमुळे इंजेक्टरवर थर साचतात. युरोपचे ईएन १४२१४ आणि अमेरिकेचे एएसटीएम डी६७५१ हे मानक या अशुद्धींना मर्यादा घालतात.

बायोडिझेल कोणत्या तेलापासून बनवले, हेही निर्णायक ठरते. पामतेलासारख्या संपृक्त (रेणूत दुहेरी बंध कमी असलेल्या) तेलाचे बायोडिझेल टिकाऊ, पण थंडीत लवकर गोठणारे. सोयाबीनचे थंडीत त्याहून बरे वाहते, पण त्यातील दुहेरी बंधांमुळे हवेशी लवकर अभिक्रिया होऊन आम्ले आणि चिकट गाळ तयार होतो. हीच तेले हायड्रोजनच्या प्रक्रियेने हायड्रोकार्बनमध्ये बदलली, तर ऑक्सिजन निघून जातो आणि ७० हून अधिक सीटेन अंकाचे (डिझेल किती सहज पेट घेते याचे माप) स्थिर डिझेल मिळते. त्याची घनता मात्र खनिज डिझेलपेक्षा कमी असते, त्यामुळे लिटरमागे ऊर्जाही थोडी कमीच.