‘कृत्रिम गांजा’: एक शब्द, तीन वस्तू

या विषयाची सुरुवात १९८५ पासून करणं सोयीचं. त्या वर्षी अमेरिकेत केमोथेरपीच्या न थांबणाऱ्या उलट्यांवर ड्रोनॅबिनॉल आणि नॅबिलोन या दोन कॅप्सूलना परवानगी मिळाली. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला आपल्याकडे अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा, सगळे ज्याला एनडीपीएस म्हणतात तो, लागू झाला. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून केमोसाठी बेळगावला किंवा मिरजेला जाणाऱ्या पेशंटच्या घरच्यांना आज या गोळ्यांबद्दल काही कानावर आलं, तर मनात आधी पोलीस येतात. त्या भीतीचं मूळ ‘सिंथेटिक’ या एका शब्दाच्या गोंधळात आहे.

ड्रोनॅबिनॉल म्हणजे गांजातलाच, नशा आणणारा टीएचसी हा रेणू. फक्त तो झाडातून न काढता प्रयोगशाळेत बनवलेला आणि तिळाच्या तेलात घालून कॅप्सूलमध्ये भरलेला. नॅबिलोन झाडात कुठेच सापडत नाही. टीएचसीच्या धर्तीवर रसायनतज्ज्ञांनी तो घडवला. तिसरा गट अगदी निराळा. मेंदूतला सीबी-१ हा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे टीएचसीसारखे रेणू जिथे चिकटून परिणाम करतात ती पेशीवरची जागा) १९९० च्या सुमारास ओळखला गेला आणि त्याच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळांनी शेकडो रेणू तयार केले. त्यांतले काही पुढे वाळक्या पाल्यावर फवारून, धूप असल्याच्या नावाखाली, पुड्यांतून युरोपात विकले गेले. त्या पुड्यांत काय आहे ते २००८ च्या सुमारास उघड झालं. टीएचसी त्या ग्राहकाला अर्धवटच चालना देतो, हे रेणू पूर्ण देतात. म्हणून झटके येतात, मूत्रपिंड निकामी होतं, माणसं दगावतात. आणि गांजासाठीच्या नेहमीच्या लघवी तपासणीत ते सापडतही नाहीत. उलट्या थांबवणारी मोजून दिलेली कॅप्सूल आणि ही पुडी यांना एकच नाव देणं मला धोक्याचं वाटतं.

कायद्यानं हा गुंता वाढवला. एनडीपीएसमध्ये ‘कॅनाबिस’ म्हणजे चरस, गांजाचे फुलोरे आणि त्यांची मिश्रणं. नुसती पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. त्यामुळे भांग त्या व्याख्येबाहेर राहते, आणि प्रयोगशाळेतला टीएचसी मात्र मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या द्रव्यांच्या यादीत बसतो. २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं एका जामिनाच्या आदेशात, भांग या कायद्याखाली येत नाही, असं म्हटलं. त्यावरून ‘भांगेला मोकळीक’ असा अर्थ अनेकांनी काढला, तो चुकीचा आहे. तो जामिनाचा आदेश होता, आणि राज्यांचे अबकारी कायदे वेगळे आहेतच. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, तेव्हा इथंही मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा होता. आज सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की पलीकडे महाराष्ट्रात त्याच कायद्याचा वारसा आणि अलीकडे कर्नाटकाचा १९६५ चा अबकारी कायदा. पान तेच, कलमं वेगळी.

औषध म्हणून पुढे काय झालं, ते थोडक्यात. १९९१ च्या सुमारास ओंडान्सेट्रॉन आलं आणि उलट्यांसाठी तेच पहिलं औषध ठरलं. नॅबिलोन मागच्या रांगेत गेलं. १९९२ मध्ये एड्समुळे खालावणाऱ्या रुग्णांची भूक वाढवण्यासाठी ड्रोनॅबिनॉलला परवानगी मिळाली. त्याच वर्षी मेंदूत आपोआप तयार होणारा, टीएचसीसारखं काम करणारा एक रेणू सापडला आणि संस्कृतातल्या ‘आनंद’वरून त्याचं नाव आनंदामाइड ठेवलं गेलं. हाच सीबी-१ ग्राहक बंद करून वजन उतरवणारं एक औषध २००६ मध्ये युरोपात आलं, पण नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांमुळे २००८ मध्ये मागे घ्यावं लागलं. चालना देणं असो की रोखणं, मनावरचा परिणाम सोबत येतोच, आणि डॉक्टरच्या देखरेखीचा आग्रह त्यासाठीच आहे. गुंगी, चक्कर, रक्तदाब उतरणं हे ड्रोनॅबिनॉल आणि नॅबिलोनचेही नेहमीचे त्रास आहेत.

आपल्या भागातल्या पेशंटसाठी सर्वांत महत्त्वाचा धडा मॉर्फिनचा आहे. वेदनेनं तळमळणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन द्यायला कायद्याची बंदी कधीच नव्हती. ‘वैद्यकीय व वैज्ञानिक’ वापराची सवड एनडीपीएसच्या कलम ८ मध्ये १९८५ पासून आहे. तरी परवान्यांच्या जाचानं आणि शिक्षेच्या धाकानं देशातला मॉर्फिनचा वापर पुढच्या बारा वर्षांत ९० टक्क्यांहून अधिक घसरला. परवान्यांची ती कोंडी सोडवण्यासाठी कायद्यात दुरुस्ती झाली ती २०१४ मध्ये.