लेन्स जड म्हणजे दणकट?

‘सिने लेन्स (चित्रीकरणासाठी बनवलेली लेन्स) हातात तोलून बघा, जड लागली तर टिकेल, हलकी असेल तर नको’, असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय.

पण वजन येतं मुख्यतः काचेचं आणि धातूच्या नळीचं, त्यावरून टिकाऊपणा कळत नाही. एकाच धाटणीच्या लेन्समध्ये टी १.५ ची लेन्स (टीचा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत येतो) टी २.९ पेक्षा साधारणपणे जडच असते, कारण जास्त प्रकाशाला मोठी काच लागते. बिघाड होतो तो हलत्या भागांत: हेलिकॉइड (फोकससाठी काच पुढेमागे सरकवणारे आटे) झिजतो, ग्रीस घट्ट होतं, माउंटचे (लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते त्या कड्याचे) स्क्रू सैल पडतात. उलट, जड लेन्सला खालून आधार दिला नाही तर ताण माउंटवरच येतो.

तपासताना कॅमेरा ट्रायपॉडवर, आयरिस (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण उघडा. फोकस रिंग हातानेच फिरवून रिंगवरच्या एकाच खुणेवर एकदा जवळच्या अंतराच्या बाजूने, एकदा लांबच्या अंतराच्या बाजूने या. फॉलो फोकस (रिंग फिरवायचं दातेरी चाकाचं उपकरण) नको, त्याची स्वतःची ढिलाई मध्ये येते. दोन्ही वेळा चित्र सारखं शार्प नसेल, किंवा दिशा बदलताना चित्र बाजूला उडी मारत असेल, तर आत ढिलाई आहे. मग सपाट चार्ट (बारीक रेघांचा छापील तक्ता) लावा, तो कॅमेऱ्याला समांतर आहे ना ते आधी पाहा, आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा मऊ आला तर काच केंद्रातून सरकलेली असण्याची शक्यता आहे. अशी लेन्स, वजन कितीही असो, बदलून मागावी.