क्षेपणास्त्राचा बिल्ला आणि अवकाशसेवेचा बिल्ला

अमेरिकेतील एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याच्या छायाचित्रात क्षेपणास्त्राचा बिल्ला आणि अवकाशसेवेचा बिल्ला असे दोन्ही दिसले, की ते एकाच कामाचे खालचे-वरचे दर्जे असावेत असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. हे बिल्ले शौर्यासाठी मिळणारी पदके नसून विशिष्ट कामाचे प्रशिक्षण व पात्रता दाखवणाऱ्या खुणा आहेत, आणि ती दोन कामे मुळातच वेगळी आहेत.

क्षेपणास्त्राचा बिल्ला जुना असून तो अमेरिकी हवाई दलाने १९५८ साली मंजूर केला. त्यावर वर तोंड करून उभे असलेले सडपातळ क्षेपणास्त्र असते आणि खिशावर लावला जात असल्यामुळे सैनिकांनी त्याला ‘पॉकेट रॉकेट’ असे नाव दिले. मोंटाना, वायोमिंग आणि नॉर्थ डकोटा येथील तळांभोवतीच्या भूमिगत नियंत्रण कक्षांत दोन-दोन अधिकारी २४ तासांची पाळी करतात आणि प्रत्येक कक्षाकडे मिनिटमन-३ या अण्वस्त्रवाहू आंतरखंडीय प्रकारच्या दहा क्षेपणास्त्रांची जबाबदारी असते. डागण्याची कळ एकट्याच्या हाती राहू नये म्हणून किल्ल्या दोघांनी एकाच वेळी फिरवाव्या लागतात. या कामाचे वैशिष्ट्य असे, की ते जितके चोख तितके अदृश्य; आयुष्यभर तयारी करायची आणि प्रत्यक्ष वेळ येऊ नये अशीच इच्छा धरायची. हाच बिल्ला क्षेपणास्त्रांची देखभाल करणाऱ्यांनाही मिळतो, मात्र डागणाऱ्या पथकाच्या बिल्ल्यात क्षेपणास्त्राभोवती पानांचे वेष्टन असते.

अवकाशसेवेचा बिल्ला १९८२ सालचा आहे. त्यावर पसरलेले पंख आणि मधोमध पृथ्वीगोल दिसतो, म्हणून पुष्कळांना तो अंतराळवीरांचा वाटतो. वास्तविक अंतराळवीरांचे चिन्ह निराळे असून त्यासाठी सुमारे ८० किलोमीटरांहून अधिक उंची गाठावी लागते. अवकाशसेवेचा बिल्ला मात्र जमिनीवर बसून उपग्रह चालवणाऱ्यांचा आहे. पंखांची ही योजना जरा दिशाभूल करणारीच म्हणावी लागेल. जीपीएसचे उपग्रह सांभाळणे आणि कोठे क्षेपणास्त्र सुटले याची सूचना देणे ही यांची रोजची कामे. १९९१च्या आखाती युद्धात इराकची स्कड क्षेपणास्त्रे सुटल्याबरोबर त्यांची उष्णता टिपणारे उपग्रह याच शाखेच्या ताब्यात होते.

गोंधळाचे खरे मूळ प्रशासनात आहे. १९९३ साली आंतरखंडीय क्षेपणास्त्रांची पथके हवाई दलाच्या अवकाश कमांडकडे आली, त्यामुळे अनेक अधिकारी आधी भूमिगत कक्षात आणि मग उपग्रह केंद्रात काम करू लागले व एकाच गणवेशावर दोन्ही बिल्ले आले. २००९च्या डिसेंबरात ही पथके हवाई दलाच्याच ग्लोबल स्ट्राइक कमांड या दुसऱ्या विभागाकडे गेली आणि २०१९ साली स्वतंत्र अवकाश दल स्थापन झाले. आज क्षेपणास्त्रे हवाई दलाकडेच आहेत. तरीही अवकाश दलात गेलेला अधिकारी पूर्वी कमावलेले पॉकेट रॉकेट लावू शकतो.