ओयू म्हणजे कंपनीचा तक्ता नव्हे

विंडोज २००० सोबत अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (कंपनीच्या नेटवर्कमधले युजर आणि संगणक यांची मध्यवर्ती नोंदवही) आली, तेव्हापासून एक समज चिकटून आहे: कंपनीत जशी खाती, तसेच ओयू (ऑर्गनायझेशनल युनिट, म्हणजे या नोंदी ठेवायचे कप्पे) पाडायचे. अकाउंट्स, एचआर, सेल्स, त्यांखाली साहेबांच्या उतरंडीप्रमाणे उपओयू. दिसायला छान, पण खात्यांची फेररचना झाली की सगळी मांडणी मोडते.

ओयू मुख्यतः दोन कामांसाठी असतो: ग्रुप पॉलिसी (युजर आणि संगणकांना लागू होणाऱ्या सेटिंग्ज) जोडायला आणि कारभार सोपवायला. पुण्याच्या हेल्पडेस्कने फक्त पुण्यातल्या लोकांचे पासवर्ड रीसेट करायचे असतील, तर पुण्याचा ओयू हवा. अकाउंट्स आणि एचआरला पॉलिसी तीच, अ‍ॅडमिनही तेच, मग वेगळे ओयू कशाला?

फोल्डरची परवानगी ओयूला देताच येत नाही, कारण त्याला सिक्युरिटी आयडी (परवानगी कोणाला दिली हे विंडोज ज्यावरून ओळखते तो क्रमांक) नसतो. ती सिक्युरिटी ग्रुपला, म्हणजे युजरांच्या गटाला द्यायची. युजरचे अकाउंट एका वेळी एकाच ओयूत राहते, ग्रुपांत मात्र अनेक; म्हणून ‘कोण कुठल्या खात्याचा’ हे ग्रुपवरच सोडावे.

आणखी एक गंमत. डोमेनला (कंपनीच्या याच डिरेक्टरीवर चालणाऱ्या नेटवर्कला) जोडलेला नवा संगणक मुळात ‘कॉम्प्युटर्स’मध्ये पडतो. ‘कॉम्प्युटर्स’ हा ओयू नाहीच, साधा कंटेनर, म्हणजे नुसती ठेवायची जागा आहे. त्याला पॉलिसी थेट जोडता येत नाही. ‘रीडिरसीएमपी’ (redircmp) कमांडने ती जागा बदलता येते, आणि बदलावीच.